आरसा, झूम आणि पायाखालची जागा

प्रवासात फोटो काढणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी ‘झूम’ हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधावा असे कोणाला वाटत नाही. मात्र हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. लांबचे जवळ दाखवणाऱ्या कोणत्याही मोठ्या भिंगाला आपण झूम म्हणून मोकळे होतो. खरे तर लांबचे मोठे करून दाखवते ते टेलिफोटो भिंग. ज्याचे नाभीय अंतर कमी-जास्त करता येते ते झूम. त्यामुळे ४०० मिमी.चे हातभर लांबीचे, पण एकाच नाभीय अंतराचे भिंग झूम नव्हे. आणि १४ ते ३० मिमी.चे छोटेखानी भिंग काहीच जवळ आणत नसले तरी ते झूमच.

नाभीय अंतर म्हणजे प्रत्यक्ष वापरात काय, हेही आधीच सांगून टाकतो. ३५ मिमी. फिल्मच्या चौकटीवर २४ मिमी.चे भिंग आडव्या दिशेने सुमारे ७४ अंशांचा देखावा टिपते, ५० मिमी.चे सुमारे ४० अंशांचा आणि २०० मिमी.चे जेमतेम १० अंशांचा. म्हणजे झूमची कडी फिरवताना आपण खिडकी लहान-मोठी करत असतो. या लेखात या खिडकीचा इतिहास मांडायचा आहे. तो मांडताना दोन गोष्टी सारख्या समोर येत राहतील. एक, कॅमेऱ्यातला आरसा. याच आरशाने झूमला प्रवाशाच्या हातात आणले, पुढे त्यानेच झूमची वाट अडवली आणि शेवटी तोच कॅमेऱ्यातून निघून गेला. दुसरी गोष्ट, छायाचित्रकार कुठे उभा होता ही. या दुसऱ्या गोष्टीत दीडशे वर्षांत काहीही बदललेले नाही.

काचेच्या ओझ्याचा काळ

सॅम्युएल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या बँकेतली नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आला. पुढच्या तीन वर्षांत त्याने हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. १८६६ च्या तिसऱ्या मोहिमेत त्याने मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर छायाचित्रे घेतली. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, तंबूतल्या अंधारात ती धुऊन काढायची. काचा, रसायनांच्या बाटल्या, तंबू आणि भला मोठा कॅमेरा वाहायला हमालांचा तांडाच लागे. बोर्नच्या काचा १२ × १० इंचांच्या असत.

बोर्नकडे झूम नव्हते, तरी त्याचे फारसे अडले नाही. याची कारणे दोन. पहिले, काच एवढी मोठी की नको असलेला भाग छापताना कापून टाकला तरी उरलेले चित्र पुरेसे मोठे राही. दुसरे, बोर्न चालत असे. देखावा चौकटीत बसेपर्यंत मागे, पुढे, वर, खाली सरकायचे, जागा पक्की झाली की मगच तंबू ठोकायचा. एका चित्रामागे इतके कष्ट असताना मनात येईल तिथे थांबून चित्र घेणे परवडणारे नव्हते. जागेची निवड हाच त्या छायाचित्रणाचा निम्मा भाग होता.

आपल्याकडचे उदाहरण रॉबर्ट गिलचे. गिल म्हटले की मराठी वाचकाला पारो आठवते, आणि ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घकविता. परंतु छायाचित्रणाच्या इतिहासातही गिलला जागा आहे. १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी त्याची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या मोठ्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत जळाल्या. दरम्यान तो कॅमेऱ्याकडे वळला होता. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह भारतातील लेण्यांवरचे जे पुस्तक निघाले, त्यात गिलने जागेवर घेतलेली ७४ छायाचित्रे आहेत. ती दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली जोडचित्रे असून विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली की त्यांत खोली दिसते. प्रतिकृती गेल्या, छायाचित्रे उरली. १८७९ साली मरण पावलेला गिल भुसावळला पुरला गेला. पण त्याच्या कॅमेऱ्याने लेण्यांसमोर कुठे ठाण मांडले होते, ते आजही त्या चित्रांवरून काढता येते.

याच सुमारास मुंबईतही छायाचित्रणाची हौस मूळ धरत होती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या क्रियाशील मंडळींपैकी एक. नाभीय अंतर बदलण्याची गरजही त्या काळाला माहीत होती. काही भिंगे दोन भागांची असत. एक भाग काढून ठेवला की उरलेल्याचे नाभीय अंतर निराळे होई. पण हा बदल एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर मारलेली उडी होती. मधली पायरी नव्हती.

लहान फिल्म, मोठी अडचण

जर्मनीत ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या ३५ मिमी. फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा घडवला आणि तो लायका या नावाने १९२५ साली लाइपझिगच्या वसंत मेळ्यात लोकांसमोर आला. प्रवाशाच्या पाठीवरचे ओझे एकदम खिशात आले. पण त्याची किंमत मोजावी लागली. लायकाची चौकट २४ × ३६ मिमी.ची. बोर्नची काच क्षेत्रफळाने तिच्या जवळजवळ ९० पट होती. काचेवरचा नको तो भाग कापून टाकण्याची चैन या इवल्याशा चौकटीला परवडेना, कारण जितके कापावे तितके चित्र मोठे करताना दाणेदार आणि मऊ पडे.

१९३६ साली ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली आणि अडचण आणखी वाढली. कोडाक्रोमची पारदर्शिका, म्हणजे आपल्या बोलण्यातली स्लाइड, छापायची नसे; ती प्रोजेक्टरमधून पडद्यावर टाकायची. कॅमेऱ्यात जी चौकट बसली तीच पडद्यावर येणार, मागाहून कापाकाप नाही. परदेश-प्रवासाच्या स्लाइड दाखवण्याचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजेल. चौकट घेतानाच अचूक हवी, ही गरज लहान फिल्मने आणि स्लाइडने निर्माण केली. झूमची बाजारपेठ या गरजेतून तयार झाली, असे माझे मत आहे.

आरशाने दिलेले झूम

झूमचा शोध मात्र स्थिर छायाचित्रासाठी लागला नाही. तो सिनेमाने घडवला. कॅमेरा जागेवर ठेवून देखावा जवळ आणता यावा, हा त्यामागचा हेतू. १९३२ साली बेल अँड हॉवेल कंपनीने कुक व्हॅरो हे ४० ते १२० मिमी.चे भिंग सिनेमासाठी बाजारात आणले. त्याची यांत्रिक गुंतागुंत समजून घेण्यासारखी आहे. नुसते आतले भिंग पुढे-मागे सरकवले तर नाभीय अंतर बदलते, पण प्रतिमाही फिल्मवरून हलते आणि धूसर होते. म्हणून दोन गट एकाच वेळी, पण निरनिराळ्या वेगाने सरकवावे लागतात. पहिला खिडकी लहान-मोठी करतो, दुसरा बिघडलेली प्रतिमा पुन्हा फिल्मवर आणून ठेवतो. हे दोन्ही सरकणे एकाच कडीने घडवायचे, तर धातूच्या नळीत वळणदार खाचा अत्यंत काटेकोरपणे कोराव्या लागतात.

दुसरी अडचण उजेडाची. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. चार-सहा पृष्ठभागांच्या साध्या भिंगात हे चालून जाते. पण एखाद्या झूममध्ये ११ गट असतील तर पृष्ठभाग होतात २२. गणित करून पाहिले तर फिल्मपर्यंत ४१ टक्केच उजेड पोचतो. उरलेल्यातला काही आत इकडेतिकडे उसळून चित्रावर पांढुरके सावट आणतो. यावरचा उपाय म्हणजे काचेवर पारदर्शक थराचा लेप. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी तो १९३५ च्या सुमारास सिद्ध केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो सर्रास वापरात आला. लेपाशिवाय झूम होऊ शकत होते, पण सर्वसामान्यांच्या उपयोगाचे होणे कठीण होते.

तिसरी अडचण पाहण्याची. लायकासारख्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, शेजारच्या वेगळ्या झरोक्यातून पाहतो. कडी फिरवली की चौकट किती बदलली, हे त्या झरोक्याला कळत नाही. त्यासाठी भिंगातून येणारी प्रतिमाच डोळ्यापर्यंत यायला हवी. ते काम आरशाने केले. एसएलआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असतो. तो प्रतिमा वर डोळ्याकडे पाठवतो आणि बटण दाबताच क्षणभर बाजूला होतो. असे कॅमेरे १९५० नंतर रुळले. १९५९ साली जर्मनीच्या फोक्टलेंडर कंपनीने झूमार हे ३६ ते ८२ मिमी.चे भिंग आणले. ३५ मिमी. स्थिर कॅमेऱ्यासाठी विक्रीस आलेले हे पहिले झूम. त्याची रचना व्हिएन्नात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रँक बॅक यांची. त्यात १४ भिंगे, ११ गटांत. वर केलेले गणित याच भिंगाचे. जपानमध्ये नायकॉनने १९६३ च्या सुमारास ४३ ते ८६ मिमी.चे झूम आणले. ते तुलनेने लहान आणि परवडणारे असल्याने पुष्कळ खपले. ४३ हा आकडा उगाच आलेला नाही. २४ × ३६ च्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी. भरतो. या भिंगात सरळ रेषा वाकत आणि उजेडासमोर चित्र फिकट पडे, म्हणून जाणकारांनी त्याला नावे ठेवली. तरी प्रवाशांनी ते घेतले, कारण तीन भिंगांची पिशवी सांभाळण्यापेक्षा एकच भिंग गळ्यात बरे.

हा सौदा झूमच्या पुढच्या इतिहासात सतत दिसतो. १९७३ साली कॅननचे ३५-७० आले आणि साध्या भिंगाच्या तोडीचे चित्र झूम देऊ शकते यावर विश्वास बसू लागला. संगणकावर होणारी भिंगरचना आणि अनेक थरांचे लेप यांचा त्यात मोठा वाटा होता. १९९२ साली टॅमरॉनने २८-२०० हे भिंग आणले. रुंद देखाव्यापासून दूरच्या बुरुजापर्यंत सगळे एकाच भिंगात, हे ‘प्रवासी झूम’चे स्वप्न तिथून घरोघरी गेले. १९९५ साली कॅननने हाताची थरथर आतल्या आत सावरणारे पहिले एसएलआर झूम काढले. त्यामुळे कमी उजेडातही लांब टोकाचा वापर करणे शक्य झाले.

आरशाने अडवलेली वाट

एवढी प्रगती होऊनही प्रवासी झूमचे रुंद टोक नेहमीच नाजूक राहिले. त्याला आरसा कारणीभूत होता. आरशाला हलायला जागा लागते. नायकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंग जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी. आता २४ मिमी.च्या साध्या रचनेच्या भिंगाला फिल्मपासून साधारण २४ मिमी.वर असावेसे वाटते. पण तिथे आरसा आहे! यातून मार्ग काढला फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी. १९५० साली त्यांनी ३५ मिमी.चे ‘रेट्रोफोकस’ भिंग आणले. त्यात पुढे मोठे अंतर्वक्र भिंग घालून प्रतिमा मागे ढकललेली असते, म्हणजे दुर्बिण उलटी धरावी तशी रचना. तोडगा नामी होता, परंतु त्याने भिंगे फुगली, जड झाली आणि कडांकडची चित्रे सांभाळणे अवघड झाले. एकाच झूमने रुंद टोकाला उलटी आणि लांब टोकाला सुलटी दुर्बीण व्हायचे, हा त्याच्यावरचा सर्वांत मोठा ताण होता.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक आला. संवेदकावर पडलेले चित्र थेट छोट्या पडद्यावर दाखवता येऊ लागले आणि आरशाचे कामच संपले. पॅनासॉनिकचा जी-१ हा २००८ साली आलेला कॅमेरा भिंग बदलता येणाऱ्या आरसाविरहित, म्हणजेच मिररलेस, कॅमेऱ्यांच्या आजच्या पिढीचा पहिला. २०१३ साली सोनीने ३५ मिमी. फिल्मएवढ्या संवेदकाचा ए-७ आणला. २०१८ साली नायकॉन आणि कॅनन हे आरशाचे मातब्बर घराणेही या वाटेने गेले. नायकॉनच्या नव्या झेड मालिकेत भिंगाच्या कड्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर १६ मिमी. उरले. तीस मिमी.ची जागा मोकळी झाली आणि भिंगकारांचे हात सुटले. २०२० साली आलेले नायकॉनचे २४-२०० हे झूम ५७० ग्रॅमचे आहे. बोर्नच्या हमालांना हा आकडा सांगायला हवा होता!

मिररलेसमुळे आणखी एक बदल झाला आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. आरशातून पाहताना भिंगाची वाकडी रेषा डोळ्याला वाकडीच दिसे, म्हणून ती काचेतच सरळ करावी लागे. आता डोळ्यासमोर येते ते संगणकीय दुरुस्ती झालेले चित्र. साहजिकच भिंगकारांनी काही दोष काचेत तसेच ठेवून गणिताने निस्तरायला सुरुवात केली. २०१९ सालच्या कॅननच्या २४-२४० या झूमचे चित्र २४ मिमी.वर दुरुस्तीशिवाय पाहिले, तर कोपरे काळे दिसतात. आतले चित्र ताणून ते भरले जातात. सहलीच्या फोटोला यात काही बिघडत नाही. पण शिलालेखाचा, कोरीव पट्टिकेचा किंवा मापे काढण्यासाठीचा फोटो असेल, तर कडेचा भाग ताणलेला आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. महत्त्वाचे शिल्प चौकटीच्या मध्यभागी ठेवावे, ३५ ते ७० मिमी.च्या दरम्यान काम करावे आणि मूळ, म्हणजे रॉ, फाइल जपावी.

कडीने न बदलणारी गोष्ट

आता जागेकडे येऊ. झूमने देखावा ‘जवळ येतो’ हे म्हणणे फसवे आहे. एक उदाहरण घेऊ. एका देवळासमोर दीपमाळ आहे आणि देऊळ तिच्या मागे २० मीटरवर आहे. आपण दीपमाळेपासून १० मीटरवर उभे आहोत. देऊळ आपल्यापासून ३० मीटरवर. म्हणून दीपमाळेच्या मानाने ते एक तृतीयांश मापाने दिसेल. आता दीपमाळेपासून ४० मीटरवर गेलो. देऊळ ६० मीटरवर आले. माप झाले दोन तृतीयांश. दीपमाळ पूर्वीइतकीच मोठी दिसावी म्हणून ३५ मिमी.वरून १४० मिमी.वर कडी फिरवली, तर तीच दीपमाळ, तेच देऊळ, पण देऊळ मघापेक्षा दुप्पट मोठे होऊन तिच्या खांद्याशी आलेले दिसेल. हा बदल पायांनी केला, कडीने नाही. पहिल्या जागेवर उभे राहून कितीही कडी फिरवली तरी एक तृतीयांशाचे दोन तृतीयांश होत नाहीत.

हे नुसते पुस्तकी तत्त्व नाही. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात एक प्रकल्प केला. विल्यम हेन्री जॅक्सन, टिमथी ओ’सलिव्हन वगैरेंनी शंभर वर्षांपूर्वी सरकारी सर्वेक्षणांत घेतलेली पश्चिम अमेरिकेची छायाचित्रे घेऊन, त्याच जागी उभे राहून ती पुन्हा काढायची. अशा शंभराहून अधिक जागा त्यांनी शोधल्या. जागेवर झटपट छापणारी फिल्म वापरून चाचणीचे चित्र काढायचे, जुन्या चित्रातली जवळच्या खडकाची आणि लांबच्या सुळक्याची अंतरे पट्टीने ताडून पाहायची आणि पुन्हा सरकायचे, अशी त्यांची रीत होती. जुन्या भिंगाशी नवे भिंग तंतोतंत जुळण्याची गरज नसते. चौकट मागाहून कापता येते. जागा चुकली तर मात्र दोन चित्रे कधीच जुळत नाहीत. नदी किती सरकली, कडा किती ढासळला, झाडी वाढली की गेली, हे सांगण्याची ताकद त्या दुसऱ्या चित्राला जागेमुळे येते.

महाराष्ट्रात या कामाची निकड मला रोज जाणवते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी देवळे ऑइल पेंटने रंगतात, वीरगळ पारावरून उचलून रस्त्याकडेला टाकले जातात, गावातल्या शिल्पांवर शेंदराचे थर चढतात. अशा वस्तूंचा कागदोपत्री पुरावा पुष्कळदा नसतोच. तिथून गेलेल्या एखाद्या प्रवाशाने काढलेला फोटो हाच एकमेव पुरावा उरतो. तो कुठे उभे राहून काढला हे कळले, तर वीरगळ मुळात कोणत्या दिशेला तोंड करून होता, पायथ्याशी किती गाडलेला होता, हेही काढता येते.

म्हणून झूम टाळा, असे मात्र मी म्हणणार नाही. जंजिऱ्याच्या बुरुजांवरच्या तोफा होडीतून टिपायच्या असतील, तर पायाखालची जागा आपल्या हातात नसते. तिथे झूमच हवे. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या शिखरावरची वरच्या थरांतली शिल्पे पायथ्याशी उभे राहून घेतली तर मागे झुकलेली दिसतात. लांब जाऊन १५०-२०० मिमी.ने घेतली तर रेषा पुष्कळच सरळ राहतात. शिवाय मिररलेसमध्ये आरसा नसल्याने भिंग काढताच संवेदक उघडा पडतो. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत आणि पावसाळी दमटपणात भिंग जितके कमी वेळा बदलावे तितके बरे. झूमची मर्यादा अंधारात दिसते. लांब टोकाला एफ ६.३ असणारे झूम एफ १.८ च्या साध्या ५० मिमी. भिंगाच्या बाराव्या हिश्श्याइतकाच उजेड आत घेते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरता येत नाही. तिथे संवेदकच सावरून धरणारा मिररलेस कॅमेरा मदतीला येतो, कारण मूर्ती हलत नाही आणि जरा जास्त वेळ उजेड घेता येतो. तरीही पाठपिशवीत एक छोटे ५० मिमी. असावे.

कामाची रीत मात्र बदलावी लागेल. आधी डोळ्यांनी जागा ठरवावी, मग कडी फिरवावी. प्रत्येक वस्तूचे एक रुंद चित्र घ्यावे, ज्यात आजूबाजूची झाडे, डोंगराची धार आणि घरे येतील. मग त्याच जागेवरून तपशिलाचे. रुंद चित्रावरून जागा शोधता येते, तपशिलाच्या चित्रावरून वस्तू वाचता येते. मिररलेस कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत नाभीय अंतर, तारीख आणि वेळ आपोआप नोंदवतो. बोर्न आणि गिल यांच्या चित्रांबाबत जे अंदाजाने काढावे लागते, ते आज कोणतेही कष्ट न घेता मिळते. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की ही नोंद गळून पडते आणि चित्रही आक्रसते. ज्या गावात फोटो काढला तिथल्या शाळेला किंवा ग्रंथालयाला मूळ फाइल द्यावी आणि सोबत एका ओळीत लिहावे: मारुतीच्या पाराच्या उत्तर कोपऱ्यावरून, पंधरा पावलांवर, सकाळी नऊ वाजता, देवळाकडे तोंड करून. नाभीय अंतर कॅमेरा लिहून ठेवील. पावले आपणच मोजायची आहेत.